इंदूरला येताय? आधी रात्री ठरवा, दिवस मग

महाराष्ट्रातून इंदूर बघायला येणाऱ्यांचा बेत बहुतेक वेळा ठरलेला असतो. इंदूरला एक हॉटेल घ्यायचं, तीन रात्री तिथेच काढायच्या आणि रोज सकाळी गाडी करून एक दिवस उज्जैन, एक दिवस ओंकारेश्वर-महेश्वर, एक दिवस मांडू उरकायचं. कागदावर हे सोयीचं दिसतं. प्रत्यक्षात रोजचे पाच-सहा तास गाडीत जातात. महेश्वरचा घाट भर दुपारी, पाय पोळत असताना बघावा लागतो. मांडूला रूपमती मंडपाशी पोचेपर्यंत बंद व्हायची वेळ झालेली असते. रात्री हॉटेलवर परतल्यावर सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाण्याच्या बाजारात, जायचं त्राण कुणातच उरत नाही.

'सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध, शब-ए-मालवा' असं इकडे पूर्वापार म्हणतात. माळव्याची रात्र बघावी, असा त्याचा अर्थ. पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळे दिवस कितीही तापला तरी सूर्य कलला की हवा हलकी होते. इथली बघण्यासारखी जवळजवळ प्रत्येक जागा पहाटे, संध्याकाळी किंवा रात्रीच खुलते. म्हणून बेत आखताना आधी कोणती रात्र कुठे काढायची ते लिहून काढा. दिवस मग आपोआप बसतात.

पहिलं काम: किती रात्री, कुठे

तीन रात्री असतील तर एक इंदूर, एक महेश्वर, एक मांडू. चौथी मिळाली तर उज्जैन. पाचवी मिळाली तर ती ओंकारेश्वरला न देता महेश्वरलाच वाढवा, असं आमचं स्पष्ट मत आहे. ज्योतिर्लिंगाचं दर्शन हाच मुख्य हेतू असेल, तर अर्थातच गोष्ट वेगळी.

अंतरं मनात पक्की असू द्या. इंदूर ते महेश्वर सुमारे ९० किलोमीटर, दोन ते अडीच तास. महेश्वर ते मांडू सुमारे ४० किलोमीटर, पण शेवटी घाट चढायचा असल्याने सव्वा ते दीड तास. मांडू ते इंदूर धारमार्गे शंभरेक किलोमीटर, अडीच तास. म्हणजे इंदूर–महेश्वर–मांडू–इंदूर हा एक त्रिकोण आहे. तो एकाच दिशेने फिरलात की एकही रस्ता दोनदा कापावा लागत नाही. उज्जैन या त्रिकोणाच्या बाहेर, उत्तरेला ५५ किलोमीटरवर आहे. महेश्वर आणि उज्जैन एकाच दिवसात कोंबायचा बेत बिघडतो तो यामुळेच. मधे अख्खं इंदूर पार करावं लागतं.

वारही बघून घ्या. राजवाडा आणि लालबाग महाल सोमवारी बंद असतात, त्यामुळे इंदूरचा दिवस सोमवारी येऊ देऊ नका. शनिवार-रविवारी महेश्वर आणि मांडूत इंदूरकरांचीच गर्दी असते. मंगळवार ते शुक्रवार हे दिवस सगळ्यांत चांगले.

ऋतू कोणता

ऑक्टोबर ते फेब्रुवारी सर्वांत सोयीचे. डिसेंबर-जानेवारीत मांडूला पहाटे चांगलीच थंडी असते, पण त्याच दुपारी खाली निमाडात, म्हणजे महेश्वरला, सुती कपडेच बरे वाटतात. माळवा हे पठार आणि निमाड हे नर्मदेचं खोरं. एकाच सहलीत दोन हवामानं लागतात, म्हणून एक जाड स्वेटर आणि बाकी हलके कपडे असं सामान करा.

मांडूचं खरं रूप मात्र जुलैअखेर ते सप्टेंबर या काळातलं. पावसात अख्खं पठार हिरवं होतं, तलाव भरतात, ढग महालांच्या सज्ज्यांतून आत शिरतात. त्याची किंमतही मोजावी लागते. धुकं असलं की रूपमती मंडपातून खाली नर्मदा दिसत नाही, आणि शेवाळलेल्या दगडी पायऱ्यांवर चपला घसरतात. नदीचं दर्शन हवं असेल तर हिवाळा निवडा, मांडू डोळे भरून बघायचं असेल तर पावसाळा. मे-जूनमध्ये येऊ नका. ऊन तर असतंच, शिवाय तलाव आटलेले असतात, आणि पाण्याशिवाय जहाज महाल जहाजासारखा दिसत नाही.

तारखा ठरवण्याआधी पंचांग चाळा. होळीनंतर पाचव्या दिवशी, रंगपंचमीला, राजवाड्याच्या परिसरात गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते. रंगांच्या तोफा, पाण्याचे टँकर आणि लाखोंची गर्दी असते. ती बघायलाच येत असाल तर उत्तम, नाहीतर तो दिवस टाळा, कारण शहराच्या मध्यभागी वाहन हलत नाही. अनंत चतुर्दशीला कापड गिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे चित्ररथ, रात्रभर निघतात. त्या बघाव्यातच, पण त्या रात्री परतीची गाडी धरू नका. श्रावणी सोमवारी उज्जैनला महाकालाची सवारी, म्हणजे पालखीची मिरवणूक, असते, तेव्हा उज्जैनच्या बेताला एक पूर्ण दिवस वाढवा.

यायचं कसं

मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी सुटणारी अवंतिका एक्सप्रेस सकाळी इंदूरला पोचते. पुण्याहूनही थेट गाडी आहे. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, आणि सुट्ट्यांच्या दिवसांतली तिकिटं पहिल्याच दिवशी भरतात. एक युक्ती लक्षात ठेवा: अवंतिका इंदूरच्या आधी उज्जैनला थांबते. उज्जैन बघायचंच असेल तर तिकीट उज्जैनचंच काढा, तिथला मुक्काम आधी संपवा आणि मग इंदूरला या. इंदूरला उतरून पुन्हा उज्जैनला जाण्यायेण्याचे ११० किलोमीटर वाचतात.

स्वतःची गाडी घेऊन येत असाल तर क्रमच बदला. नाशिक, धुळे, सेंधवा करत मुंबई-आग्रा रस्त्याने येताना खलघाटला नर्मदा ओलांडली की थोड्याच वेळात धामनोद येतं. तिथून महेश्वर पंधराएक किलोमीटरवर आहे. महेश्वरवरून पुढे इंदूरला जाऊन दोन दिवसांनी पुन्हा खाली उतरण्यात काहीच अर्थ नाही. पहिली रात्र महेश्वर, दुसरी मांडू, तिसरी इंदूर, असं करा. पहाटे निघून उजेडात पोचेल असाच हिशोब ठेवा. सेंधव्याजवळचा बिजासन घाट आणि धामनोदच्या पुढचा चढ हे दोन्ही अवजड ट्रकांचे रस्ते आहेत. अनोळखी चालकाने ते रात्री चालवू नयेत.

गाडी ठरवताना

इंदूरहून बाहेरगावी जाणारी टॅक्सी साधारणपणे दिवसाला किमान २५० किलोमीटर धरते, तुम्ही कमी फिरलात तरीही. वर चालकाचा रात्रीचा भत्ता, टोल आणि पार्किंग वेगळं. आपला त्रिकोण सगळा मिळून अडीचशे किलोमीटरच्या आत-बाहेर बसतो, पण तीन दिवस गाडी ठेवलीत तर साडेसातशेचे पैसे द्यावे लागतात. म्हणून किलोमीटरच्या दराने गाडी करू नका. 'इंदूर–महेश्वर–मांडू–इंदूर, दोन रात्री, टोल-पार्किंग-भत्त्यासकट एकूण किती?' असं विचारा आणि उत्तर मोबाइलवर लेखी घ्या. मांडूत स्थानिक फिरणं त्यात धरलं आहे का, हेही त्यातच विचारून ठेवा, कारण वाद नेमका तिथे होतो. 'मांडूला सोडायचं ठरलं होतं, रूपमतीपर्यंत नाही' असं ऐकावं लागतं.

माणसं दोनच असतील तर आणखी स्वस्त मार्ग आहे: महेश्वरपर्यंत एकेरी टॅक्सी, महेश्वर ते मांडू दुसरी, आणि मांडूहून धारपर्यंत बस, तिथून इंदूरची बस. धारहून इंदूरला सतत बस असतात. इंदूरात या गाड्या राजमोहल्ल्याजवळच्या गंगवाल स्थानकावर येतात, रेल्वे स्टेशनजवळच्या सरवटे स्थानकावर नाही. नवख्यांची गल्लत इथे हमखास होते. आदल्या संध्याकाळी हॉटेलवर गाडीचा थांबा आणि वेळ विचारून घ्या, थांबे अधूनमधून बदलतात.

इंदूरचा दिवस

हॉटेल स्टेशन, छोटी ग्वालटोली, आर.एन.टी. मार्ग किंवा पलासिया या पट्ट्यात घ्या. राजवाडा आणि छप्पन दुकान ही खाऊगल्ली दोन्ही रिक्षाच्या थोड्या भाड्यात येतात. विजयनगरकडची नवी हॉटेलं चकचकीत असतात, पण सराफ्यातून मध्यरात्री तिकडे परतणं लांब पडतं.

सकाळची सुरुवात पोह्यांनी. इंदुरी पोहे म्हणजे आपले कांदेपोहे नव्हेत, आणि तुलना करत खाल्ले तर दोन्हींवर अन्याय होतो. इथे कांदा फोडणीत परतत नाहीत, वरून कच्चा घालतात. पोहे मोठ्या परातीत, खाली उकळत्या पाण्याची वाफ ठेवून तासन् तास मऊ राखतात. त्यामुळे तेल कमी लागतं आणि पोहे कोरडे पडत नाहीत. फोडणीत बडीशेप, चवीला साखर, वर शेव, लिंबू आणि जीरावन. जीरावन हा जिरं, धणे, बडीशेप, काळं मीठ, आमचूर, सुंठ अशा जिनसांचा मसाला, इंदूरची खरी सही. बरोबर गरम जिलबी घ्यायची, एक घास पोह्यांचा आणि एक तिचा. पोहे दहा-साडेदहाच्या आत खा. त्यानंतर परातीच्या तळाचे, चिकट झालेले वाट्याला येतात.

मग राजवाडा. सात मजले, खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी. ही वास्तू तीनदा जळाली: १८०१, १९०८ आणि १९८४ साली. आत गेल्यावर जुनं आणि नव्याने उभारलेलं यांतला फरक बघा, दर्शनी भागाच्या लाकूडकामासमोर थोडं थांबा. तासाभरात होतं. तिथून चालत कृष्णपुरा छत्र्या गाठा. होळकरांच्या या छत्र्यांचं दगडी कोरीवकाम फार देखणं आहे आणि गर्दी जवळजवळ नसते. शहरातली आमची सर्वांत आवडती जागा हीच. काचमंदिर इतवारिया बाजारात, सराफ्याच्या जवळच आहे. शेठ हुकुमचंदांनी बांधलेल्या या जैन मंदिरात भिंती, छत, खांब सगळं काचेच्या तुकड्यांनी मढवलेलं आहे. आत फोटो काढू नका. वेळ उरला तर लालबाग, पण तिथे डागडुजीची कामं निघतात, त्यामुळे महाल उघडा आहे याची खात्री करून मगच रिक्षा करा.

दुपारचं जेवण दाल-बाफल्यांचं असेल तर ते दुपारीच घ्या, रात्री नको. बाफला म्हणजे बाटीचा मऊ भाऊ: कणकेचा गोळा आधी हळदीच्या पाण्यात उकळतात, मग शेणीच्या विस्तवावर किंवा तंदुरात भाजतात आणि तुपात बुडवतात. भूक कितीही असली तरी दोन पुरतात. वाढणारे आग्रह करतात. तिसरा घेतलात तर संध्याकाळ झोपेत जाईल आणि सराफ्यासाठी पोटात जागा राहणार नाही.

नातेवाइकांकडे उतरला असाल, आणि रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर अशा भागांत अनेकांचं कुणी ना कुणी असतंच, तर त्यांना सकाळीच सांगून ठेवा: 'रात्री सराफ्यात जाणार, जेवायला नाही.' नाहीतर आठ वाजता पानं वाढलेली असतात आणि मग नाही म्हणता येत नाही.

सराफा

दिवसा हा सोन्या-चांदीचा बाजार. दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात. आठ वाजता गेलात तर अर्धा बाजार मांडायचाच असतो. साडेनऊ ते अकरा ही वेळ उत्तम. बाजार मध्यरात्रीनंतरही चालतो, पण चांगले पदार्थ संपत जातात. शनिवारी-रविवारी खांद्याला खांदा लागतो, लहान मुलं आणि वडीलधारे असतील तर आठवड्यातला मधला दिवस घ्या. धनत्रयोदशीच्या आसपास सराफांचीच दुकानं उशिरापर्यंत उघडी असतात, तेव्हा खाण्याच्या बाजाराचा भरवसा धरू नका.

वाहन आत नेऊच नका. राजवाड्याशी उतरा आणि मागच्या गल्लीने पाच मिनिटं चाला.

खायचं कसं, याला क्रम आहे. आधी एकदा बाजाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काहीही न खाता चालत जा, मग परतताना थांबा. पहिल्याच गाडीवर पोट भरून घेणं ही नवख्यांची नेहमीची चूक. दोन माणसांत एकच पदार्थ घ्या. सुरुवात 'भुट्टे का कीस' या पदार्थाने: मक्याची कणसं किसून, तुपात परतून, दुधात शिजवतात. पावसाळ्यात ताज्या कणसांचा खावा, एरवी तो गोडसर चवीला कमी पडतो. नंतर खोबऱ्याचं सारण भरलेलं खोपरा पॅटिस, मग दहीवडा. हिवाळ्यात गराडू चुकवू नका. हा कोनफळाच्या जातीचा कंद. एकदा तळून ठेवतात आणि गिऱ्हाईक आलं की पुन्हा तळून वर जीरावन आणि लिंबू. पहिल्या तळणात आतून शिजतो, दुसऱ्यात कुरकुरीत होतो, म्हणून 'दुबारा गरम करके' आपल्यासमोर तळलेलाच घ्या. साबुदाण्याची खिचडीही इथे वेगळी: दाण्याच्या कुटात भिजलेली नव्हे, तर मोकळी, वाफेवरची, वर फराळी शेव आणि जीरावन. शेवट मूगडाळीच्या हलव्याने, रबडीने किंवा मालपुव्याने करा.

शिकंजी मागताना लक्षात ठेवा, इंदुरी शिकंजी म्हणजे लिंबूसरबत नाही. दूध आटवून, थोडं आंबट करून, सुका मेवा, केशर, वेलदोडा घातलेलं श्रीखंडाच्या वळणाचं घट्ट पेय येतं. ते जेवणाइतकंच भरतं, तहान भागवायला घेऊ नका. पाणी बाटलीबंद घ्या, बर्फ घातलेले पदार्थ लहान मुलांना देऊ नका.

कचरा हातात धरून ठेवा, खाली टाकू नका. २०१७ पासून स्वच्छतेत हे शहर देशात पहिलं येत आलं आहे आणि इंदूरकरांना त्याचा खरोखर अभिमान आहे. ओला-सुका असे वेगळे डबे प्रत्येक गाडीजवळ असतात. भाषेची अडचण नाही, हिंदी चालते आणि बऱ्याच ठिकाणी मराठीत बोललात तर समोरून मराठीतच उत्तर येतं. 'भिया' म्हणून हाक मारली तर तो आदरच समजा.

महेश्वर

इंदूरहून जेवून निघा, साडेतीन-चारला पोचा, सामान टाका आणि घाटावर उतरा. मुक्काम किल्ल्याच्या किंवा घाटाच्या चालत जाण्याच्या अंतरावर घ्या, कारण इथे यायचं ते संध्याकाळ आणि पहाट या दोन वेळांसाठी. मध्य प्रदेश पर्यटनाचं विश्रांतिगृह नदीकाठीच आहे. शनिवारची खोली दोन-तीन आठवडे आधी ठरवा.

घाट नर्मदेच्या उत्तर तीरावर, तोंड दक्षिणेला. त्यामुळे सूर्य डावीकडे उगवतो आणि उजवीकडे मावळतो, दोन्ही वेळा दगडावर तिरकं ऊन पडून कोरीवकाम उठून दिसतं. दुपारी बारा ते तीन तोच दगड अनवाणी पायांना सोसवत नाही. संध्याकाळी नाव करा, नदीच्या मधोमध असलेल्या बाणेश्वराच्या देवळापर्यंत जाऊन या. भाडं माणशी की अख्ख्या नावेचं, हे बसण्याआधी ठरवा, आणि जीवनरक्षक जाकीट घातल्याशिवाय नाव सोडू देऊ नका. पाण्यात उतरायचं तर घाटाच्या पायरीवर, साखळी असेल तिथेच. काठाजवळच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि पुढे पाणी एकदम खोल होतं. थोड्या अंतरावरच्या सहस्रधारेला नदी काळ्या खडकांतून अनेक धारांनी फुटते. तिथे फक्त बघा, पोहू नका.

सकाळी अहिल्यादेवींचा वाडा. १७६७ पासून १७९५ साली निधन होईपर्यंत त्यांनी राज्यकारभार इथूनच चालवला. एवढ्या मोठ्या राज्याची गादी कशी असेल अशी कल्पना करून येणारे पहिल्यांदा चकित होतात: लाकडी खांबांची ओसरी, साधी बैठक, पांढरी गादी. देशभर घाट, धर्मशाळा, देवळं बांधणाऱ्या बाईंनी स्वतःसाठी एवढंच ठेवलं होतं, हे त्या ओसरीवर पाच मिनिटं शांत बसल्यावर जास्त कळतं. वाड्यात रोज सकाळी काळ्या मातीची छोटी शिवलिंगं करून लिंगार्चनाची पूजा होते आणि मग ती नर्मदेत सोडतात. ती बघायची तर साडेआठ-नऊच्या सुमारास आत असा. किल्ल्याच्या एका भागात खासगी हॉटेल आहे, तिथे पाहुण्यांशिवाय प्रवेश नसतो, त्यामुळे बंद दार दिसलं तर वाडाच बंद आहे असं समजून परतू नका.

त्यानंतर साडी. पारंपरिक महेश्वरीत ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा, म्हणून ती वजनाला हलकी आणि तरी झळाळती. दोन्ही बाजूंनी नेसता येईल असा बुगडी काठ आणि पदरावरचे पट्टे ही तिची ओळख. काठांवरची चटई, वीट, हिरा ही नक्षी किल्ल्याच्या दगडांवर सकाळी बघितलेलीच असते. आधी वाडा आणि मग साडी, हा क्रम म्हणून.

यंत्रमागावरची नक्कल सर्रास विकली जाते. ओळखायची अशी: साडीची किनार उजेडात धरा. हातमागावर कापड ताणून धरणाऱ्या पट्टीच्या सुया किनारीला टोचतात, त्यांची बारीक भोकं दोन्ही कडांना ओळीने दिसतात. उलटी बाजू बघा, विणीत अगदी किंचित कमी-जास्तपणा असतो. सगळं काटेकोर एकसारखं आणि भाव संशय यावा इतका कमी असेल तर तो हातमाग नाही. हातमाग चिन्हाची चिठ्ठी मागा. शक्य तर किल्ल्यातल्या रेवा सोसायटीत किंवा गावातल्या विणकरांकडे माग चालू असताना बघा, मग घ्या. विणकर दिवसभर बसून किती बोटं विणतो हे डोळ्यांनी बघितलं की घासाघीस करावीशी वाटत नाही. घरी पहिली दोन-तीन धुणी वेगळी, थंड पाण्यात करा आणि साडी सावलीत वाळवा.

मांडू

महेश्वरहून जेवून निघालात तर गुजरीमार्गे घाट चढून तीनच्या सुमारास मांडूत असाल. बाजारात थांबू नका. थेट पाच-सहा किलोमीटर पुढे, गडाच्या दक्षिण टोकाला जा: आधी रेवाकुंड, मग माळव्याचा सुलतान बाजबहादूर याचा महाल, शेवटी त्याच्या राणीच्या नावाचा रूपमती मंडप. मंडप सूर्यास्ताला बंद करतात आणि त्याआधीच शिट्ट्या वाजायला लागतात, म्हणून हिवाळ्यात पावणेपाचपर्यंत वर पोचा. स्वच्छ हवेत खाली तीनशे मीटरवर निमाडाचं मैदान आणि लांबवर नर्मदेची रेघ दिसते. आदल्या संध्याकाळी तिच्याच काठावर बसला होतात, आता तीच वरून बघताय.

रात्री मांडूत गडद अंधार आणि शांतता असते. रोख पैसे जवळ ठेवा, गडावर मोबाइलची रेंज सगळीकडे सारखी नाही. जेवायला दाल-पानिया मागा: मक्याच्या पिठाची भाकर पळसाच्या पानांत गुंडाळून शेणीच्या विस्तवावर भाजतात, आपल्या पानग्यांच्या कुळातली. करायला वेळ लागतो, म्हणून दुपारीच सांगून ठेवा.

दुसऱ्या दिवशी उजाडताच जहाज महाल. मुंज आणि कपूर या दोन तलावांमधली शंभर मीटरहून लांब ही वास्तू गियासुद्दीन खिलजीच्या काळातली. गच्चीवर जा, पण पाण्याची व्यवस्था चुकवू नका. छपरावरचं पावसाचं पाणी वळणावळणाच्या नागमोडी पन्हळीतून हौदात उतरतं. वळणांमुळे वेग मंदावतो आणि गाळ मागे बसतो. जवळच हिंडोळा महालाच्या उतरत्या जाड भिंती आणि चंपा बावडीच्या तळाचे गारवा राखणारे दालन. या एका आवारालाच दोन-अडीच तास द्या. आठच्या पुढे शाळांच्या सहली यायला लागतात.

मग नाष्टा करून गावाच्या चौकातली १४५४ साली पूर्ण झालेली जामी मशीद, आणि तिच्या मागे होशंगशाहाची संगमरवरी कबर. तिच्या दारावरचा १६५९ चा लेख सांगतो की शाहजहानचे वास्तुकार ती बघायला आले होते, त्यांत उस्ताद हमीद हे नाव आहे. जहाज महालाचं आवार, कबर-मशीद आणि रूपमती यांची तिकिटं वेगवेगळी काढावी लागतात. वृद्ध बरोबर असतील तर मोटार, नाहीतर चौकात भाड्याने मिळणारी सायकल घ्या. रस्त्याकडेची फुगीर बुंध्याची झाडं म्हणजे गोरखचिंच. इकडे तिला मांडूची इमली म्हणतात, तिचा आंबट गर विकायला असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात असाल तर सीताफळं घ्या. संध्याकाळची अवंतिका पकडायची असेल तर बाराच्या आत मांडू सोडा, धारच्या आणि इंदूरच्या वाहतुकीला एक तास जादा धरून.

उज्जैनची रात्र

महाकालाची भस्म आरती पहाटे चारला असते आणि आत सोडायला त्याच्या बरंच आधी सुरुवात होते, म्हणून मुक्काम उज्जैनलाच हवा. इंदूरहून रात्री एकला निघण्याचा बेत झोपेचं आणि दुसऱ्या दिवसाचं खोबरं करतो. नोंदणी देवस्थानच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. 'आत सोडतो' म्हणणाऱ्या कुणालाही पैसे देऊ नका. ओळखपत्र मूळ न्या, मोबाइल खोलीवर ठेवा. पुरुषांना धोतर-सोवळं आणि स्त्रियांना साडी लागते. भस्म चढवताना स्त्रियांना पदर पुढे ओढायला सांगतात.

दर्शनानंतर झोप काढा आणि मग मराठी माणसाने आवर्जून बघाव्यात अशा जागा: महाकालाचं देऊळ १८व्या शतकात पुन्हा उभारलं ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी. हरसिद्धीसमोरच्या दोन उंच दीपमाळा आपल्याकडच्या देवळांची आठवण करून देतात. भर बाजारातलं गोपाळ मंदिर बायजाबाई शिंद्यांचं. सवाई जयसिंगाची वेधशाळा मात्र ऊन असतानाच बघा, सावली नसेल तर यंत्रं वाचता येत नाहीत. २०२८ च्या सिंहस्थाच्या तयारीसाठी रस्त्यांची कामं निघतात, इंदूर-उज्जैनला दीड तासाऐवजी दोन तास धरा.

पावसाळ्यात आलात आणि अर्धा दिवस उरला तर महूजवळच्या पातालपाणी धबधब्याचं नाव कुणीतरी सुचवेल. कठड्याच्या मागूनच बघा. वर कुठेतरी पाऊस पडला की इथे कोरड्या हवेतही लोंढा येतो, आणि २०११ च्या जुलैत एका कुटुंबातली माणसं क्षणात वाहून गेली ती अशाच लोंढ्यात.

परतीच्या दिवशी शेव आणि जीरावन घ्या, आधी नको. लवंगी, लसणाची, साधी अशी पाव-पाव किलो चाखून घ्या. ताजी शेव गरम असताना बंद केलेली असेल तर पिशवीत वाफ धरते आणि दोन दिवसांत नरम पडते, म्हणून पिशवीच्या आतून ओल दिसली तर दुसरी मागा. माव्याची मिठाई प्रवास चौदा तासांचा असेल तर नेऊ नका. जीरावन घरी पोचल्यावर काचेच्या कोरड्या बरणीत भरा आणि पोहे ताटात वाढल्यावर वरून भुरभुरा. फोडणीत घातलं तर मसाला जळतो आणि आमचूर कडवट लागतो.